सरकीची डोण आणि शार्क

शार्क हा मासा बोरीत मिळत नाही, हे मला मान्य आहे. मी भूगोलाचा मास्तर आहे. बोरीपासून समुद्र किती लांब, हे नकाशावर पट्टी ठेवून मी दरवर्षी पोरांना दाखवतो. महासागरांची नावं, त्यांची खोली, त्यातले गरम प्रवाह कोणते आणि गार कोणते, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्ष समुद्र मी पाहिलेला नाही, पण त्यावाचून माझं कधी काही अडलं नाही. अडलं ते आमच्या प्रियांकामुळं.

प्रियांका आमची एकुलती एक. बारावीनंतर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि फेरी-फेरी करत पोरगी मत्स्यविज्ञानाच्या कॉलेजात जाऊन पडली. आता आमचं घर लिंगायताचं. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. त्यात मी गावच्या बसवेश्वर जयंती समितीचा सचिव. म्हणून लोकांना सांगताना मी 'शेतकीला आहे' एवढंच सांगतो. कुणी फार खोदून विचारलं, की शेतकीत काय, तर 'पाण्याचं' म्हणतो. ह्यात खोटं काय आहे ते दाखवून द्यावं.

दिवाळीच्या सुट्टीत पोरगी घरी आली, तीन दिवस गुमान लाडू खाल्ले आणि चौथ्या दिवशी माझ्या खुर्चीजवळ येऊन बसली. लेक खुर्चीजवळ येऊन बसली की बापानं उठून जावं. मी बसून राहिलो.

"अप्पा, समुद्रात मोठाले शार्क धरायचं एक पथक हाय. त्यात एक जागा हाय."

"बरं."

"लहान नावेतून जायचं. कयाक म्हणतात. इंजिनाच्या आवाजाला शार्क बिचकतात म्हणून वल्ह्यानं जायचं. गळ टाकून धरायचा, पाठीच्या परावर बिल्ला लावायचा न सोडून द्यायचा. मग तो कुठं कुठं जातो ते कळतं."

"तो कुठं जातो ते कळून आपल्याला काय करायचंय? पाहुणा हाय का तो?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला. मग तिनं पुढचं सांगितलं. निवड अशी होणार, की कयाकमध्ये बसून एक मोठा मासा धरायचा, बिल्ला लावायचा, जिवंत सोडायचा आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. सोबत मदतनीस एकच. सुट्टी संपायच्या आत. मदतनीस म्हणून तिची जी मैत्रीण येणार होती, तिला डेंग्यू झाला होता.

"मग आता कोण?" मी विचारलं.

स्वयंपाकघरातून आमच्या मंडळींचा, म्हणजे महेश्वरीचा आवाज आला. "आता कोण म्हणून काय इचारायलाव? वीस वर्षं झाली समुद्र शिकवायलाव. जरा धरणात तरी उतरा."

मला पोहता येत नाही, माझा डावा गुडघा दुखतो आणि माशाच्या वासानं मला मळमळतं, ही तिन्ही कारणं मी ओळीनं मांडली. प्रियांकानं ती ऐकून घेतली. नुसती म्हणाली, "अप्पा, एवढं एक झालं तर मला समुद्र बघायला मिळंल हो." आणि उठून गेली. मी हो म्हणालो. पण इथं खरं सांगून टाकतो, हो म्हणतानाच मी मनात म्हणालो, देवा महादेवा, मासा काही लागू देऊ नको. फळीएवढ्या नावेत बसून माझी पोरगी शार्कच्या जबड्यापुढं जाणार, हे मला नको होतं. बाप आहे मी.

आणि तसंही, अजून सगळ्यात मोठी परवानगी बाकी होती. आमची अव्वा. अव्वा म्हणजे माझी आई, चन्नबसम्मा. ऐंशी पार केली, दात गेले, पण हुकूम शाबूत. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही. ती 'हूं' म्हणाली की घर 'हो' म्हणतं. नात शेतकी शिकते, अशीच तिचीही समजूत. तिला हे सांगायचं कुणी? सगळ्यांच्या मते मीच. मी म्हणालो, आधी मासा तर लागू द्या. मासा लागणार नाही, मग सांगायची वेळच येणार नाही, असा माझा बिनघोर हिशेब होता.

दोन दिवसांनी कॉलेजातून कयाक आली. मला वाटलं होतं, घडी घालून पिशवीत येत असेल. ट्रॅव्हल्सच्या टपावरून चार माणसांनी ती उतरवली. भडक पिवळी, माणसाच्या दुप्पट लांब, दोन्हीकडं टोकदार. बसस्टँडपासून घरापर्यंत आम्ही ती खांद्यावर आणली तेव्हा रस्त्यातल्या दोघांनी टोपी काढून नमस्कार केला. त्यांचा काहीतरी वेगळाच समज झाला असावा.

शेजारचा रंगनाथ दारातच उभा. रंगनाथ म्हणजे एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. एसटी त्याला सोडून गेली, पण शिट्टी राहिली. ती त्याच्या खिशात कायम असते आणि वापरायला तो निमित्त शोधत असतो.

"मास्तर, हे काय आणलाव? सोलर हाय का?"

"न्हाई."

"मग पाळणा असंल. जत्रंतला."

एवढ्यात अव्वा काठी टेकत ओसरीवर आली. पिवळ्या वस्तूकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "शिवरुद्रा, हे काय हाय रे?"

माणसाला अशा वेळी काहीही सुचतं. मी म्हणालो, "डोण हाय अव्वा. जनावराला पाणी पाजायची. नवीन निघालीय, फायबरची."

"एवढी लांब?"

"चार-पाच जनावरं एकदम पितात."

आमच्याकडं जनावर एकच, ते म्हणजे एक म्हातारी म्हैस. पण अव्वा "हूं" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, निभावलं. प्रियांका दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होती. पदर आईचा होता, आणि आईही हसत होती.

सकाळी उठून पाहतो तर कयाकच्या मधल्या खळग्यात सरकी भिजत घातलेली, मागच्या झाकणाच्या खणात पेंड कोंबलेली, आणि आमची म्हैस तोंड घालून निवांत खायला लागलेली. तिच्या बाजूला रंगनाथची गाय. अव्वा खाटेवर बसून म्हणाली, "झकास हाय रे डोण. गळत न्हाई." आम्ही बापलेकीनं अर्धा दिवस ती धुतली. संध्याकाळी परत आणून ठेवली, की सकाळी परत सरकी. जेवढे दिवस ती आमच्या अंगणात होती, तेवढे दिवस हेच. बोलायची सोय नाही, कारण डोण म्हणून मीच सांगितलेलं.

मग परवानगी. धरणाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या साहेबांची नोकरी अजून शिल्लक आहे आणि माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, हेच मोठं.

"मासे धरायचा ठेका सोसायटीकडं असतो," साहेब म्हणाले. "तुमी किती नेणार?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"धरायचा, बिल्ला लावायचा, सोडून द्यायचा."

साहेबांनी हातातला पेन खाली ठेवला. "सोडून द्यायचा? मग धरायलाव कशाला?"

हा प्रश्न पुढं मला इतक्या लोकांनी विचारला, की शेवटी झोपेत कुणी हाक मारली तरी मी 'बिल्ला लावायला' म्हणून उठायचो. साहेबांची अडचण खरीच होती. मासे नेणाऱ्याला परवाना आहे, चोरून नेणाऱ्याला दंड आहे, पण न नेणाऱ्यासाठी त्यांच्याकडं काहीच नव्हतं. त्यात ही नाव की खेळणं, हा दुसरा घोळ. नाव म्हटली तर नोंदणी पाहिजे. खेळणं म्हटलं तर धरणात खेळायला मनाई. शिपायापासून सगळं ऑफिस गोळा झालं आणि प्रत्येकानं आपापलं मत दिलं. शेवटी साहेबांना मी मास्तर असल्याचं आठवलं. "असं करा गुरुजी, शैक्षणिक सहल म्हणून लिहून द्या. सहलीला आमी आडवत न्हाई."

तेव्हा मी लिहून दिलं. विद्यार्थिनी एक, शिक्षक एक, सहलीचं ठिकाण पाण्याच्या मध्यभागी. माझ्या नोकरीत मी इतकी शिस्तीत सहल नेलेली नाही.

तिथून सोसायटीच्या चेअरमनकडं. सटवाजी नाव त्यांचं, काठावरच्या पत्र्याच्या खोलीत जाळ्यांच्या ढिगावर बसलेले. त्यांनी आमचं सगळं नीट ऐकून घेतलं, पान थुंकलं आणि म्हणाले, "गुरुजी, ह्या धरणात मोठा मासा न्हाईच."

"नाही?" मी आनंदानं विचारलं.

"व्हता. गेला. बारीक-सारीक हाय. तुमाला मोठाच पाहिजे तर बाजारातून घिऊन द्येतो, बर्फातला. त्याला बिल्ला लावा न द्या सोडून."

"तो मेलेला असंल हो काका," प्रियांका म्हणाली.

"मग लांब जाणार न्हाई. सापडायला सोपा."

मला हा माणूस फार आवडला. पण प्रियांकानं हट्टानं सांगितलं, की ह्या पाण्यात शिवडा असतो. लांब मिशांचा, रुंद जबड्याचा, दात असलेला, अंगावर खवले नसलेला, माणसाच्या कमरेएवढा वाढणारा. त्याला पुस्तकात गोड्या पाण्यातला शार्कच म्हणतात म्हणे. सटवाजी म्हणाले, त्यांनी शिवडा शेवटचा बघितला तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. तरी जा म्हणाले. वर फुकट सल्ला दिला, की गुरुजींना मध्ये बसवा, नाव बुडली तर धरायला काहीतरी मोठं पाहिजे.

पहिल्या दिवशी आम्ही पाण्यात गेलो ती हकिकत मी थोडक्यात आटोपतो, कारण ती थोडक्यातच आटोपली. लाइफ जॅकेटचे बंद माझ्या पोटावर बसेनात. रंगनाथ सल्ला द्यायला सोबत आलाच होता. त्यानं ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून माझ्या कमरेत घातली. त्या ट्यूबसकट मी कयाकमध्ये बसलो, म्हणजे ट्यूब कयाकवर बसली आणि मी ट्यूबमध्ये अधांतरी. काठापासून म्हशीच्या उडीएवढं अंतर गेलो असू, कयाक हळूच कुशीवर वळली आणि मी पाण्यात. ट्यूबमुळं बुडालो नाही. नुसता गोल फिरत राहिलो. काठावर धुणं धुणाऱ्या बायनाबाई म्हणून ओळखीच्या बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मास्तर, ह्या वयात काय शिकायलाव हो?"

दुसऱ्या दिवशी ट्यूब नाही, लाइफ जॅकेटचे बंदच दोरी जोडून वाढवले. बसायचं जमलं. पण वल्हं मारायचं तर दोघांनी एकदम मारावं लागतं, आणि मी मारतो तेव्हा ती थांबते, ती मारते तेव्हा मी शिंकतो. तेव्हा रंगनाथनं काठावरून सूत्रं हातात घेतली. त्यानं शिट्टी काढली. एक शिट्टी म्हणजे थांबा, डबल म्हणजे चला. आता हा एसटीचा कायदा माझ्या हाडात भिनलेला. सगळी जिंदगी मी एसटीनं फिरलो आहे. त्यानं डबल दिली की माझे हात आपोआप चालायला लागायचे आणि एक दिली की थांबायचे. लाज वाटायची, पण कयाक सरळ चालायला लागली, हे नाकारता येणार नाही.

मासा मात्र नाही. प्रियांका गळाला प्लास्टिकचा एक मासा लावायची. खरं आमिष लावायचं तर जिवंत काहीतरी टोचावं लागतं, आणि ते तिच्याच्यानं होत नव्हतं. कितीही शिकली तरी पोरगी आमच्याच घरातली. तो प्लास्टिकचा मासा दिवसभर पाण्यात नाचला. त्याला एकदा कुणाच्या तरी मोटारीचा पाइप लागला, एकदा एक सदरा आणि एकदा मी. माझ्या विजारीच्या मागच्या बाजूला गळ अडकला आणि तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ओढताना प्रियांका ओरडली, "अप्पा, लागला लागला!" मी म्हणालो, "मला लागलाय, ओढू नको." त्या विजारीची रफू महेश्वरीनं केली, पण करताना ती जे हसली ते मला आवडलं नाही.

दिवस सरत चालले. गावात आता सगळ्यांना मास्तर धरणावर काहीतरी करतात हे कळलं होतं, आणि काय करतात हे ज्याच्या-त्याच्या मनानं ठरलं होतं. समितीच्या एका सभासदानं मला हटकलं, "सचिवसाहेब, पाणी मोजायलाव म्हणं धरणाचं?" मी हो म्हणालो. रोज नवीन खोटं बोलून मी बेजार झालो. इकडं प्रियांकाचं बोलणं कमी कमी होत गेलं. हातांना घट्टे पडले होते. एका संध्याकाळी ती कयाक धूत होती, अव्वानं कोंबलेली पेंड काढत होती, आणि धुता धुता रडत होती. मी ओसरीवरून पाहिलं. मासा लागू नये म्हणून देवाला घातलेलं साकडं मला आठवलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. पण साकडं मागं घेतलं नाही. कडक बाप आहे मी, असं मला तेव्हा वाटत होतं.

शेवटचा दिवस उजाडला. घाईघाईत निघालो. मधली सरकी तेवढी हातानं काढून टाकली आणि कयाक टेम्पोत चढवली. मागचं झाकण उघडून बघायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. आत पेंड गच्च भरलेली, रात्रभर भिजून फुगलेली.

पाण्यात गेल्यावर झाकणाच्या फटीतून ती पेंड सुटायला लागली. आमच्या मागं पिवळट पाण्याचा पट्टा. मी म्हणालो, "प्रियांका, नाव फुटली वाटतं." तिनं मागं पाहिलं आणि पाण्याकडं बोट दाखवलं. बारीक मासे. एक, दोन, मग थवाच्या थवा, पेंडीवर तुटून पडलेला. पाणी खदखदायला लागलं. काठावर रंगनाथनं मोबाइल काढला. आणि त्या खदखदीखालून काहीतरी लांब, काळपट, सावकाश वर आलं.

"अप्पा," प्रियांका हळूच म्हणाली, "हलू नका."

मी हलण्याच्या अवस्थेत नव्हतो. तिनं प्लास्टिकचा मासा त्या गर्दीत सोडला. गळाची काठी वाकली. रीळ असं किंचाळलं, की मी 'शिव शिव' म्हणून डोळे मिटले. उघडले तेव्हा आमची कयाक उलट्या दिशेनं, काठाकडं चालली होती आणि वल्हं तर माझ्या मांडीवर होतं. मासा आम्हाला ओढून नेत होता. काठावरून रंगनाथ एक शिट्टी, एक शिट्टी, एक शिट्टी. थांबा म्हणे! त्या माशानं कधी एसटीनं प्रवास केला होता का?

किती वेळ ओढाताण चालली सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "अप्पा, काठी धरा. मला बिल्ला काढायचाय." आणि काठी माझ्या हातात दिली.

आता इथं काय होतं बघा. काठी माझ्या हातात. पोरगी पाठमोरी, पिशवीत बिल्ला शोधते आहे. मी नुसता हात सैल सोडला असता तर मासा गेला असता, आणि पोरगी राहिली असती. कुणाला कळलंही नसतं. आठवडाभर मी देवाला दुसरं काय मागत होतो? आणि मी काय करत होतो, तर दोन्ही पाय कयाकला रोवून, दात-ओठ खाऊन, माशाला सांगत होतो, "जातोस कुठं बाबा! माझ्या पोरीनं रडून घट्टे पाडलेत, जातोस कुठं!"

तो बाजूला आला. केवढा होता म्हणून सांगू. तोंड असं, की माझं डोकं आत गेलं असतं. मिशा पाण्यावर तरंगत होत्या. "शेपटीजवळ धरा, घट्ट," ती म्हणाली. ज्या हातांनी मी जन्मात मासा शिवला नव्हता त्या हातांनी मी तो धरला. गार, बुळबुळीत, आणि आत सगळं जिवंत धडधडणारं. तिनं पाठीवरच्या परात बिल्ला बसवला, गळ काढला, कपाळाला बांधलेल्या कॅमेऱ्याकडं बोट करून काहीतरी इंग्रजीत सांगितलं.

"झालं. सोडा अप्पा."

मी धरूनच.

"अप्पा, सोडा. गुदमरंल तो."

"थांब गं जरा," मी म्हणालो. का म्हणालो ते मला माहीत नाही.

"अप्पा, सोडा हो, सोडा!"

सोडला. त्यानं जाता जाता शेपटीचा असा फटका दिला, की कयाक पालथी आणि आम्ही दोघं पाण्यात. मी बुडता बुडता हसत होतो, असं रंगनाथच्या व्हिडिओत दिसतं.

हो, व्हिडिओ. आम्ही टेम्पोतून बोरीला पोचायच्या आधी तो गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला होता. बसवेश्वर जयंती समितीचे सचिव माशाला मिठी मारून बसले आहेत आणि सोडायला तयार नाहीत, सगळ्या गावानं पाहिलं. समितीच्या व्हॉट्सॲप गटावर अध्यक्षांनी नुसतं एक प्रश्नचिन्ह टाकलं होतं. माझी इज्जत, माझी शेतकी, माझं पाणी मोजणं, सगळं एका दुपारीत धुऊन निघालं.

घरात गेलो तर अव्वा खाटेवर, शेजारी महेश्वरी, अव्वाच्या हातात महेश्वरीचा फोन. व्हिडिओ चाललेला. माझाच आवाज आला, "थांब गं जरा."

मी ओल्या कपड्यानिशी उभा. प्रियांका माझ्या मागं.

"मासा मारला का?" अव्वानं विचारलं.

"न्हाई अव्वा. सोडून दिला."

"खाल्ला?"

"शिव शिव!"

"महेश्वरी म्हणती, धरायचा, जखम करायची न्हाई, खूण करायची न सोडून द्यायचा. समुद्रातबी असंच?"

"असंच अव्वा," प्रियांका म्हणाली. "एक बी मरू द्यायचा नसतो."

"मग ह्यात बाटण्यासारखं काय हाय? जाऊ दे की पोरीला." अव्वानं फोन महेश्वरीच्या हातात दिला आणि माझ्याकडं वळली. "आन तू. डोण म्हणं! डोणीसंगं वल्हं येतं व्हय रे?"

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं. "मग सरकी कशाला घालत होतीस?"

"तू डोण म्हणलास म्हणून डोण केली. नाव म्हणला असतास तर नारळ फोडला असता."

आत जाऊन मी कपडे बदलले. दुसरं काय करणार होतो?

निवड झाली. अध्यक्षांनी समितीच्या सभेत प्रियांकाचा सत्कार ठेवला आणि भाषणात 'अहिंसक मासेमारी' असा शब्द वापरला, तेव्हा माझ्याकडं पाहून डोकं हलवलं. म्हैस मात्र रुसली. कयाक परत गेल्यावर दगडी डोणीत ती तोंड घालेना.

परभणी स्टेशनवर प्रियांकाला पोचवायला सगळेच गेलो होतो. रंगनाथही. गाडी आली, सामान आत गेलं, ती खिडकीशी बसली. मी खाली उभा राहून तिला भूगोल सांगत होतो. भरती कधी, ओहोटी कधी, पश्चिम किनाऱ्यावरचे वारे कुठल्या बाजूचे. ती 'हो अप्पा, हो अप्पा' करत होती. खिडकीच्या गजातून बाहेर आलेला तिचा हात माझ्या हातात होता. तळव्यावरचे घट्टे अजून गेले नव्हते. गाडीनं धक्का दिला. मी चालायला लागलो. गाडीबरोबर चालता चालता माझा गुडघा बोलायला लागला.

"अप्पा," ती म्हणाली, "सोडा आता."

"थांब गं जरा," मी म्हणालो.

"अप्पा, सोडा हो."

सोडला. डोळ्यांत पाणी आलं ते आलंच, लपवून काय करू? महेश्वरी तोंड फिरवून उभी होती. रंगनाथलाही काहीतरी झालं असावं, कारण त्यानं खिशातून शिट्टी काढली आणि सगळा फलाट दणाणेल अशी डबल दिली.

फलाटावर शिट्टी वाजवायला मनाई असते. पोलीस आला आणि त्यानं रंगनाथला धरलं, सोबत साथीदार म्हणून मलाही. थोडा वेळ कोपऱ्यातल्या बाकावर बसवून ठेवलं, माझे डोळे पाहिले आणि जा म्हणून सोडून दिलं. सोडायचं होतं तर धरलं कशाला, हे मी त्याला विचारणार होतो. पण विचारलं नाही.